टनामागे एक उंडा: वास्कोतल्या शिपिंगवाल्यांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

शिप एजंट, माल चढवणारे-उतरवणारे स्टीव्हडोर, इंपोर्टर, बार्जवाले आणि तुमच्या ऑफिसांत रात्री अकरापर्यंत डीए, म्हणजे जहाजाच्या बंदरखर्चाचा हिशेब, बनवत बसणारी पोरं, सगळ्यांना मिळून हे एकच पत्र. बरेच जण मला ओळखता. सव्वीस वर्षं बोर्डिंग क्लार्क म्हणून काढली, हातात प्लॅस्टिकची फाइल, खिशात दोन पेनं, आणि पावसाळ्यात लाँच वरखाली होत असताना नेमका वरचा क्षण साधून गँगवे, म्हणजे जहाजाची शिडी, पकडायची सवय. तुमच्यातल्या दोघातिघांना पहिल्यांदा जहाजावर मीच चढवलंय, एकाला तर लाँचमध्येच उलटी झालेली, नाव घेत नाही. आता रिटायर होऊन बायण्याला घरी असतो आणि ज्या जहाजांचे कागद केले त्यांचा धूर गॅलरीतून बघतो.

हे पत्र धुराबद्दल आहे. कोळशाच्या धुळीबद्दल नाही, त्यावर वास्कोत इतकं बोलून झालंय, २०१७ च्या जनसुनावणीत लोक रात्र-रात्र बसले, २०२० च्या नोव्हेंबरात चांदरला रुळांवर बसले, त्यात मी नवीन काय सांगणार. पण एक गंमत आहे बघा, धुळीच्या भांडणात धूर सुटून जातो. गॅलरीच्या कठड्यावर रोज सकाळी बोट फिरवायची मला खोड लागलीय, त्यावरून दोघांतला फरक आता डोळे मिटूनही सांगेन. कोळशाची पूड कोरडी असते, चुरचुरते, फुंकर मारली की अर्धी उडते. फनेलची, म्हणजे जहाजाच्या धुराड्याची, काजळी मात्र तेलकट, पुसायला गेलात की पसरते, दोनदा साबण लावला तरी नखाच्या कडेला राहतेच. गेल्या जानेवारीत नातवाचा शाळेचा पांढरा शर्ट रात्री बाहेर राहिला, सकाळी खांद्यावर तिळाएवढे सात-आठ काळे ठिपके. सूनबाईने झटकायला म्हणून हात मारला आणि ठिपक्यांच्या रेघा झाल्या. रात्री बाहेर कुठलंतरी जहाज जनरेटर बदलत असणार, चालू करताना भस्सकन काळा लोट निघतो ना, तोच. शर्ट शेवटी पोछ्याला गेला.

आता मूळ मुद्द्यावर येतो. दोन महिन्यांपूर्वी एका लग्नात पंगतीत तुमच्यातलेच एक शेठ माझ्या शेजारी होते. मी सहज म्हटलं, बंदरात उभ्या जहाजांना तरी चांगलं तेल जाळायला सांगायला पाहिजे. तर सोलकढीची वाटी खाली ठेवून म्हणाले, "बाब, तुम्ही रिटायर झालात, तुम्हाला बोलायला काय जातं, असला नियम केला तर कार्गो जाईल कारवारला नाहीतर न्यू मंगळूरला, मग बसा वास्कोत शुद्ध हवा खात." सगळे हसले, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र झोप लागेना, कारण ही भीती मला खोटी वाटत नाही. २०१२ ला गोव्यातलं लोहखनिजाचं मायनिंग बंद झालं तेव्हा आमच्या ऑफिसात चौदाचे पाच झाले, बार्जा झुवारीच्या कडेला गंजत पडल्या, बार्जवर खलाशी असलेला माझा मावसभाऊ मडगावला रिक्षा चालवायला लागला. पुन्हा थोडं सुरू झालं तोवर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने लीजच रद्द केली. त्यामुळे "कार्गो जाईल" म्हटलं की ज्याने ते दिवस पाहिलेत त्याच्या पोटात गोळा येतोच. पण भीती खरी असली म्हणून हिशेब बरोबर असतो असं नाही, आणि हिशेब कुणी केलेलाच नाही, म्हणून शेवटी मीच पाठकोऱ्या कागदावर करून बघितला.

त्याआधी तेलाबद्दल थोडं, तुम्हाला माहीत असेल पण हे पत्र घरातली माणसंही वाचतील. जहाजांचं जुनं तेल, ज्याला आपण नुसतं बंकर म्हणायचो, ते रिफायनरीत पेट्रोल, डिझेल, रॉकेल सगळं काढून घेतल्यावर तळाला उरतं ते. एका चीफ इंजिनियरने एकदा सँपलची बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाला उलटी करा. केली. काही नाही, थंडीतल्या काकवीसारखं जागच्या जागी. इंजिनात सोडायच्या आधी ते शंभर डिग्रीच्या वर, एकशेतीस-चाळीसपर्यंत तापवावं लागतं. २०१९ संपेपर्यंत त्यात साडेतीन टक्के गंधक चालायचं. १ जानेवारी २०२० पासून आयएमओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या जहाजवाहतूक संघटनेने, सगळ्या जगाला मिळून अर्ध्या टक्क्यावर आणलं, आणि ते खरंच मोठं काम झालं, नाकारत नाही. पण अर्धा टक्का म्हणजे दहा लाखांत पाच हजार भाग. त्याच वर्षी एप्रिलपासून आपल्या पंपांवर बीएस-६ आलं, त्यात किती? दहा भाग. म्हणजे माझ्या ॲक्टिवाची पीयूसी संपली तर बोगद्याजवळ पोलीस पावती फाडणार, आणि तिथूनच समोर दिसणारं जहाज माझ्या पाचशेपट गंधकाचं तेल जाळत उभं, तेही पूर्ण कायदेशीर!

आणि उभं म्हणजे बंद नव्हे. धक्क्याला लागलं की मेन इंजिन थांबतं पण जनरेटर चोवीस तास चालू, दिवे, पंप, क्रेन, एसी, साहेब लोकांची गॅली, म्हणजे स्वयंपाकघर. क्रूझचं जहाज आलं तर विचारूच नका, ते एक तरंगतं गावच. त्या धुरातलं गंधक हवेत गेलं की त्याचे बारीक कण होतात, डोळ्यांना न दिसणारे, फुप्फुसात खोल जाणारे. शर्टावर पडतात ते मोठे, ते तरी धुता येतात. २००७ साली जेम्स कॉर्बेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अंदाज मांडला होता की जहाजांच्या या कणांमुळे जगात वर्षाला साठ हजार माणसं वेळेआधी जातात, आणि ती मुख्यतः किनाऱ्यांजवळची, युरोप, पूर्व आशिया आणि दक्षिण आशिया. दक्षिण आशियाचा किनारा म्हणजे आपणच की. तो आकडा जुन्या तेलाच्या काळातला, आता कमी असेल, पण दुपारी दर्यावरचा वारा सुटला की तो सडा, बायणा, खारवीवाडा करत घराघरांत शिरतो हे काही बदललेलं नाही.

(व्हॉट्सॲपवर फिरतं ना, पंधरा जहाजं जगातल्या सगळ्या गाड्यांएवढं प्रदूषण करतात, ते कृपा करून फॉरवर्ड करू नका. ते फक्त गंधकापुरतं होतं, तेही जुन्या तेलाच्या वेळचं, आणि गाड्यांच्या तेलात गंधक जवळजवळ नसतंच म्हणून आकडा तसा दिसतो. आपली बाजू खरी असताना खोट्या आकड्याच्या कुबड्या कशाला.)

तर हिशेब. सगळं ढोबळ आहे, तुमच्याकडे रोजचे भाव असतात, तुम्ही दुरुस्त करा.

मागणी एकच धरली: बंदरात आणि बाहेर अँकरेजला नांगर टाकून उभं असताना जहाजाने ०.१ टक्क्याचं तेल जाळायचं, म्हणजे मरीन गॅसऑइल, डिझेलसारखं पातळ तेल. पंचाहत्तर हजार टन कोळसा घेऊन पॅनामॅक्स साइझचं एक मोठं जहाज आलं. पाच दिवस बाहेर वाट बघितली, तीन दिवस धक्क्यावर. दिवसाला तीन टन तेल धरा, आठ दिवसांचं चोवीस टन. गॅसऑइल आणि आत्ता जाळतात त्या तेलात टनाला दोनशे डॉलरचा फरक धरा, कधी कमी असतो कधी जास्त. झाले चार हजार आठशे डॉलर. डॉलर पंच्याऐंशीने लावला तर चार लाख आठ हजार रुपये. ऐकायला मोठे वाटतात, डीएमध्ये ही ओळ दिसली तर ओनरचा मेल येईल, व्हॉट इज धिस म्हणून. पण भागा पंचाहत्तर हजाराने. टनामागे पाच रुपये चव्वेचाळीस पैसे.

पाच रुपयांत वास्कोत काय येतं? पोदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा, एक उंडा, गोल पाव.

मी दोनदा केला, मग नातीला कॅलक्युलेटर दिला, तिचंही तेच आलं. भावातला फरक दुप्पट झाला तर दोन उंडे. जहाज पंधरा दिवस बाहेर अडकलं तर अजून थोडे, पण मग खरी ओरड डिमरेजची, म्हणजे जहाज अडकवून ठेवल्याच्या दंडाची, असते, तेलाची नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता या उंड्यापायी कार्गो कारवारला किंवा मंगळूरला जाईल का? हा कोळसा आपल्याकडे का उतरतो तर बल्लारी-होस्पेटकडच्या स्टील प्लांटांना हा रस्ता परवडतो म्हणून. इथून कुळे, दूधसागर, कॅसलरॉक करत घाट चढायला गाडीला जादा इंजिनं लावावी लागतात, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास जायचं, त्याचं रेल्वेभाडं टनाला शेकड्यांत. कुठलं बंदर घ्यायचं ते तिथं ठरतं, शिवाय ड्राफ्ट, म्हणजे जहाजाला पाण्याची खोली, किती मिळतो, वाट किती बघावी लागते, मालगाडीचे रेक मिळतात का यावर ठरतं. पाच रुपयांसाठी लॉजिस्टिक्सचा आख्खा आराखडा बदलणारा इंपोर्टर मी सव्वीस वर्षांत पाहिला नाही. बंदराच्या दरात याहून जास्त वाढ झाली तेव्हाही तुम्ही शिव्या घातल्यात आणि जहाजं आणलीतच ना.

दुसरं, जहाजाला हे जमत नाही असंही नाही. युरोपच्या बंदरांत २०१० पासून नियम आहे, दोन तासांपेक्षा जास्त धक्क्यावर असाल तर ०.१ टक्केच. बाल्टिक आणि नॉर्थ सीमध्ये २०१५ पासून चालत्या जहाजालासुद्धा तेच, मेडिटेरेनियनमध्ये २०२५ च्या मेपासून. म्हणजे आज आपल्या समोर उभं असलेलं जहाज गेल्या ट्रिपला रॉटरडॅमला गेलं असेल तर त्या दर्यात शिरायच्या आधी त्याने गपचूप तेल बदललं, लॉगबुकात वेळ लिहिली, टाकीची लेव्हल लिहिली. तेच जहाज, तोच चीफ, तीच टाकी. वास्कोत बदलत नाही कारण वास्कोत कुणी विचारत नाही. मी स्वतः शेकडो जहाजांवर गेलो, क्रू लिस्ट मागितली, हेल्थ डिक्लेरेशन मागितलं, बाँड स्टोअरमधल्या सिगारेटी मोजल्या, पण बंकर डिलिव्हरी नोट, म्हणजे तेल भरल्याची पावती, दाखव असं एकदाही म्हटलं नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही सुचलं नाही, तेवढा माझाही दोष. कागद जहाजावर असतोच, तीन वर्षं ठेवावा लागतो, बरोबर तेलाची सीलबंद बाटली पण असते.

इंजिनवाले म्हणतील बदलताना धोका असतो. असतो. गरम तेलावरून एकदम थंड पातळ तेलावर गेलात तर पंप धरतो, जहाज काळोखात. म्हणून मिनिटाला दोन डिग्रीच्या हिशेबाने हळूहळू करतात, आणि जहाज बंदरात आणणारा पायलट चढायच्या वेळी करत नाहीत, आधी किंवा नंतर करतात. तुमच्या-माझ्या घरातली किती पोरं बोटीवर आहेत, विचारा त्यांना, हे त्यांचं रोजचं काम आहे. आमच्या वाड्यावरचा एक सेकंड इंजिनियर सुट्टीवर आलेला, त्याला विचारलं तर म्हणाला, काका, अमेरिकेत लाँग बीचला केलं नाही तर दंड बसतो म्हणून करतो, इथं दंड नाही म्हणून करत नाही, आणि मग थोडं ओशाळून म्हणाला, माझी आई इथंच राहते पण. मी पुढं काही विचारलं नाही.

आता खरी अडचण. एकट्या मुरगावने, म्हणजे आपल्या वास्कोच्या बंदराने, केलं आणि बाकीच्यांनी नाही केलं तर? पाच रुपये का असेनात, शेजारचा शून्य लावतोय ना. ही तक्रार मला मान्य आहे, आणि यावरच तुम्ही हाँगकाँगची गोष्ट ऐकावी असं मला वाटतं, कारण तिथं हे सरकारने नाही, तुमच्यासारख्यांनी सुरू केलं. २०११ साली तिथल्या डझनभराहून जास्त शिपिंग लाइननी आपणहून ठरवलं की धक्क्यावर असताना स्वच्छ तेल जाळायचं, स्वतःच्या खिशातून. पुढच्या वर्षी सरकारने म्हटलं, ठीक, असं करणाऱ्यांना पोर्ट ड्यूजमध्ये, म्हणजे बंदराच्या शुल्कात, निम्मी सूट. तरी जे करत नव्हते ते फुकटात मजा मारत होते, म्हणून जे करत होते तेच सरकारच्या मागे लागले की आता सगळ्यांना सक्ती करा, आम्हीच का भरायचं. २०१५ च्या जुलैपासून कायदा झाला. धंदेवाल्यांनीच मागितलेला कायदा! पुढे चीनने आपल्या मोठ्या बंदरांना तसंच लावलं.

सूट देण्याची पहिली पायरी तर आपल्याकडे चढून झालीय. मुरगावला २०२३ पासून हरित श्रेय नावाने जहाजाच्या पर्यावरण इंडेक्सप्रमाणे दरात सवलत मिळते. चांगली गोष्ट आहे, बोलून दाखवतो. पण सवलत घेणारी जहाजं बहुधा आधीच चांगली असतात, जुनाट गंजकं जहाज सवलतीसाठी नवीन होत नाही, ते फक्त सवलत सोडून देतं आणि धूर तोच. पुढची पायरी सगळ्यांना सारखा नियम, आणि तो एका मुरगावला नको, कांडल्यापासून कोचीनपर्यंत आख्ख्या पश्चिम किनाऱ्याला एकाच तारखेपासून. म्हणजे कुणाचं कार्गो कुठं जायचा प्रश्नच नाही. २०२० चा जागतिक नियम लागू पडला तो याचमुळे, पळायला जागाच नव्हती. त्या जानेवारीत नव्या अर्ध्या टक्क्याच्या आणि जुन्या तेलातला फरक तीनशे डॉलरवर गेला होता, लोक म्हणत होते धंदा बुडाला, काही महिन्यांत करोनाने भाव पाडले आणि फरक शंभराच्या खाली आला. ज्यांनी जुनंच स्वस्त तेल जाळता यावं म्हणून लाखो डॉलर घालून स्क्रबर, म्हणजे धूर पाण्याने धुणारी यंत्रं, बसवले होते ते कपाळाला हात लावून बसले.

स्क्रबरबद्दल एवढंच सांगतो की ओपन लूपवाला स्क्रबर धूर धुतो आणि ते धुवण दर्यात सोडतो. सिंगापूरने २०२० पासून आपल्या हद्दीत ते सोडू दिलेलं नाही. आपल्याकडे शेजारी चिखलीच्या खाडीत ते चपटे पारदर्शक शिंपले आहेत, ज्यांच्यापासून जुन्या घरांच्या खिडक्या व्हायच्या, आणि खारवीवाड्यावरच्या होड्या त्याच पाण्यात जाळी टाकतात. घरातला केर शेजाऱ्याच्या अंगणात ढकलला तर घर झाडलं असं म्हणत नाहीत. नियम करताना हे पण घालून घ्या, नाहीतर सगळे त्याच दारातून पळतील.

माझ्या भाच्याने एक वेगळाच मुद्दा काढला, तो सायन्सवाला आहे. म्हणे २०२० नंतर गंधक कमी झालं तर जहाजांच्या मागे ढगांचे पांढरे पट्टे पडायचे ते कमी झाले, ते ऊन परतवायचे, म्हणून दर्या थोडा जास्त तापला असेल. हे खरं आहे, किती तापला त्यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. पण मी त्याला म्हटलं, मग काय वास्कोवाल्यांनी धूर गिळून पृथ्वी थंड ठेवायची? धक्क्यावरच्या धुराने कसले ढग होतात, खोकला होतो. तापण्याचा इलाज कार्बनवर आहे, आणि तिथं लंडनला एप्रिल २०२५ मध्ये आयएमओत कार्बनचा दर लावायचं जवळजवळ ठरलं होतं, भारतानेही बाजूने मत दिलं, ऑक्टोबरमध्ये सगळं वर्षभर पुढं ढकललं गेलं. त्याची वाट बघत आपला धूर लांबवू नका, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खर्च-खर्च आपण बोलतो ना, तो खर्च आजही कुणीतरी भरतोच आहे, फक्त तुमच्या डीएमध्ये त्याला हेड नाही. माझ्या घरी नेब्युलायझर आहे, बायकोला दमा आहे, धुराने झाला असं मी म्हणणार नाही, डॉक्टरही म्हणत नाहीत, पण वारा पडलेल्या रात्री तिला उठून बसावं लागतं हे मला माहीत आहे. औषधाचं बिल मी ठेवतो, जुनी सवय, व्हाउचरशिवाय चैन पडत नाही. गेल्या वर्षीची बेरीज केली तर साडेतीन हजार उंड्यांवर गेली. श्रावणातल्या दामोदर सप्ताहात रात्रभर भजनाला उभी राहायची ती, आता तासाभरात घरी येते. हा सप्ताह गावात साथ आली होती म्हणून सुरू झाला असं जुने लोक सांगतात, तुम्ही सगळे तिथं नारळ ठेवायला येताच.

मागणं काय ते लिहून देतो म्हणजे पळवाट नको. तुमच्या असोसिएशनच्या लेटरहेडवर डीजी शिपिंगला, म्हणजे केंद्राच्या जहाजवाहतूक महासंचालकांना, आणि बंदर मंत्रालयाला एक पत्र, की पश्चिम किनाऱ्याच्या सगळ्या बंदरांत उभ्या जहाजांना ०.१ टक्के एकाच तारखेपासून सक्तीचं करा, आमची हरकत नाही. आणि ते येईपर्यंत तुमच्या प्री-अरायव्हल मेलमध्ये एक ओळ वाढवा, मास्तरला, म्हणजे जहाजाच्या कप्तानाला, विचारा बाबा, गॅसऑइल टाकीत आहे का, आहे तर इथं पोचल्यावर त्याच्यावर या, आणि डिलिव्हरी नोटची कॉपी बाकी कागदांबरोबर पाठव. अर्धे तरी हो म्हणतील, त्यांना सवय आहे. खर्च कोण देणार यावर ओनर आणि जहाज भाड्याने घेणारा चार्टरर भांडतील, भांडू दे, त्यांचं ते कामच आहे.

हिशेबाचा कागद मी नीट लिहून काढलाय, जहाजाच्या तीन साइझ धरून, क्रूझचा वेगळा. चुकला असेल तर लाल पेनाने दुरुस्त करा, राग नाही. पुढच्या मीटिंगला बोलावलंत तर फाइल घेऊन येतो, फक्त चारनंतर ठेवा, साडेतीनला नातवाला शाळेतून आणायचं असतं.

तुमचाच,
एक जुना बोर्डिंग क्लार्क, बायणा, वास्को